वेदीवर बसलेला दास

जेमतेम चार-पाच इंच उंचीची एक मातीची मूर्ती. चौकोनी वेदीवर एक ठेंगणा, पोट सुटलेला मनुष्य पायावर पाय टाकून बसला आहे. त्याचा एक हात गालाशी टेकलेला आहे. चेहरा माणसाचा नव्हे, मुखवट्याचा आहे: नाक बसके, भिवया वर ताणलेल्या आणि तोंड कर्ण्यासारखे रुंद उघडलेले. अंगावरचा रंग बहुतेक उडून गेला आहे. खाचांत कुठे कुठे पांढऱ्या लेपाचे कण तेवढे उरले आहेत. युरोप आणि अमेरिकेतील अनेक संग्रहालयांच्या काचपेट्यांत अशा मूर्ती आहेत. तपशिलात थोडाफार फरक असेल. पण बसलेला मनुष्य तोच, आणि वेदीही तीच.

हा मनुष्य कोण, हे प्राचीन ग्रीसमधल्या प्रेक्षकाला सांगावे लागत नसे. तो सुखात्मिकेतील दास आहे. त्याने धन्याचे पैसे लांबवले आहेत, किंवा धन्याच्या तरुण मुलाच्या प्रेमप्रकरणात म्हाताऱ्याला गंडवले आहे. आता बिंग फुटले आहे. फटके चुकवण्यासाठी तो धावत येऊन देवाच्या वेदीवर बसला आहे. वेदीवर आश्रय घेतलेल्याच्या अंगाला हात लावणे हे महापातक. जोवर तो तेथे बसला आहे, तोवर सुरक्षित आहे. खाली उतरला की चाबूक तयार आहे. प्रेक्षक हसत आहेत. नाटक संपल्यावर त्यांच्यापैकीच कोणीतरी हे दृश्य मातीच्या रूपात विकत घेऊन घरी नेतो आणि त्याच्या निधनानंतर ती मूर्ती कदाचित त्याच्याच थडग्यात ठेवली जाते.

ग्रीक रंगभूमीविषयी आपण जे वाचतो, ते बहुधा नाटककारांविषयी असते. सोफोक्लीस, युरिपिडीस, अ‍ॅरिस्टोफेनीस ही नावे मराठी वाचकालाही परकी नाहीत. परंतु त्या रंगभूमीचे निम्मे दर्शन आपल्याला ग्रंथांतून घडलेले नाही. ते घडले आहे कुंभाराच्या भट्टीतून निघालेल्या या क्षुल्लक वाटणाऱ्या बाहुल्यांमुळे. त्यांची कहाणी समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

नाटके गेली, बाहुल्या राहिल्या

अथेन्स नगरीत डायोनिसस देवाचा मोठा उत्सव वसंत ऋतूत होत असे. या उत्सवात ख्रिस्तपूर्व ४८६ पासून सुखात्मिकांची अधिकृत स्पर्धा सुरू झाली, असे इतिहासकार मानतात. पुढे दीड-दोनशे वर्षे अथेन्समध्ये दरसाल नवनव्या सुखात्मिका होत राहिल्या. त्यांतल्या वाचल्या किती? अ‍ॅरिस्टोफेनीसने सुमारे चाळीस नाटके लिहिली. त्यांपैकी अकरा आज पूर्ण स्वरूपात मिळतात. त्याचे उपलब्ध असलेले अखेरचे नाटक ख्रिस्तपूर्व ३८८ मधले आहे. त्यानंतर मेनँडरचा उदय होईपर्यंतचा साठ-सत्तर वर्षांचा काळ जवळजवळ रिकामा आहे. या कालखंडातील नाटकांना अभ्यासक 'मध्य सुखात्मिका' म्हणतात. ख्रिस्तोत्तर २०० च्या सुमारास होऊन गेलेल्या अथेनेयस या लेखकाच्या मेजवानीवरील ग्रंथात एक पात्र आपण अशी आठशेहून अधिक नाटके वाचल्याचे सांगते. त्या आठशेंपैकी एकही आज संपूर्ण उपलब्ध नाही. अँटिफेनीस, अ‍ॅलेक्सिस अशी नावे उरली आहेत. आणि उरले आहेत इतरांनी उद्धृत केलेले तुकडे.

मेनँडरची गतही फारशी वेगळी नव्हती. शंभराहून अधिक नाटके लिहिणारा हा नाटककार प्राचीन काळी होमरच्या खालोखाल वाचला जाई. परंतु मध्ययुगात त्याच्या हस्तलिखितांच्या नकला करणे थांबले आणि त्याची सगळी नाटके लोप पावली. इजिप्तच्या कोरड्या वाळूत जपून राहिलेल्या पपायरसांमुळे विसाव्या शतकात त्यांचे मोठे भाग पुन्हा हाती आले. 'डिस्कोलोस', म्हणजे 'तिरसट माणूस', हे ख्रिस्तपूर्व ३१६ मध्ये पारितोषिक मिळवलेले नाटक जवळजवळ संपूर्ण असे १९५८ साली प्रथम प्रसिद्ध झाले.

शब्दांची ही अवस्था. मग रंगमंचावरील वस्तूंचे काय झाले असेल? नटांचे मुखवटे तागाच्या कापडाला गिलाव्याने ताठपणा आणून किंवा लाकूड व चामडे वापरून करीत. ते कुजून गेले. रंगभूमीवर प्रत्यक्ष वापरलेला एकही ग्रीक मुखवटा आज जगात नाही. पोशाखही नाहीत. सुखात्मिकेतील नट अंगाला घट्ट बसणारे कापड घालून त्याच्या आत पोटाला व पार्श्वभागाला कापूस-लोकरीसारखे भरण घालीत. आखूड सदऱ्याखाली चामड्याचे लिंगचिन्ह लोंबत असे. आजच्या सभ्यतेच्या कल्पनांना हे रुचणारे नाही. परंतु डायोनिससच्या पूजेतील सुफलतेच्या विधींशी त्याचे नाते होते. हे सारे आपल्याला इतक्या बारकाईने ठाऊक आहे, याचे मोठे कारण मातीच्या मूर्ती होय. हातापायांवर त्या घट्ट कापडाला पडलेल्या सुरकुत्याही मूर्तिकारांनी कोरून ठेवल्या आहेत. त्या सुरकुत्यांवरूनच कळते की ही मूर्ती दासाची नाही. दासाचे सोंग घेतलेल्या नटाची आहे.

फिडियास आणि बाहुल्या करणारा

ग्रीक भाषेत अशा मूर्ती करणाऱ्याला 'कोरोप्लाथोस' म्हणत. म्हणजे मुलींच्या बाहुल्या घडवणारा. या धंद्याला प्रतिष्ठा नव्हती. प्रसिद्ध वक्तृत्वशिक्षक आयसोक्रेटीस याने ख्रिस्तपूर्व ३५४-५३ च्या सुमारास लिहिलेल्या एका दीर्घ भाषणात आपल्या टीकाकारांविषयी तक्रार केली आहे. आपल्याला कोर्टातल्या फिर्यादींची भाषणे लिहून देणारा म्हणणे म्हणजे अथेनादेवीची मूर्ती घडवणाऱ्या फिडियासला बाहुल्या करणारा म्हणण्यासारखे आहे, असा त्याचा आशय आहे. त्याच्या श्रोत्यांना ही उपमा तत्काळ पटली असणार. कोठे फिडियास आणि कोठे मातीचा बाहुलीवाला!

काळाने मात्र या तुलनेवर विलक्षण भाष्य केले आहे. पार्थेनॉन मंदिरातील फिडियासची सोन्याची व हस्तिदंताची अथेना आज अस्तित्वात नाही. तिचे रूप कसे होते, हे आपण लहान आकाराच्या प्रतिकृती व जुनी वर्णने यांवरून ताडतो. सोने काढून घेता येते, हस्तिदंत जळतो, कांस्य वितळवून पुन्हा वापरता येते. भाजलेली माती मात्र कोणाच्याच उपयोगाची नसते. ती फुटते, पण तिचे तुकडे नष्ट होत नाहीत. आणि थडग्यात ठेवली तर ती न फुटताही राहते. तिच्या टिकाऊपणाचे रहस्य तिच्या स्वस्तपणात आहे.

साच्यातली माणसे

या मूर्ती साच्यातून काढीत. गणपतीच्या कारखान्यातील काम ज्यांनी पाहिले असेल, त्यांना ही पद्धत समजावून सांगण्याची गरज नाही. कुशल कारागीर प्रथम एक मूळ नमुना हाताने घडवी. त्यावर ओली माती दाबून साचा घेई आणि तो साचा भट्टीत भाजून पक्का करी. मग त्या साच्यात मातीचा थर बोटांनी दाबून बसवला की पुढची बाजू तयार होई. पाठीमागची बाजू बहुधा सपाट ठेवीत किंवा हातानेच गोलावून घेत. सुकल्यावर मूर्ती आकसून साच्यातून सहज सुटे. मूर्तीला पांढऱ्या मातीचा लेप देत आणि भाजून झाल्यावर त्यावर रंग चढवीत. आज तपकिरी किंवा फिकट पिवळसर दिसणाऱ्या या मूर्ती मूळच्या भडक रंगीत होत्या, हे विसरता कामा नये.

साच्याचा आणखी एक गुण असा की तयार मूर्तीवरूनही नवा साचा घेता येतो. अथेन्सची मूर्ती जहाजातून परगावी गेली की तेथील कुंभार तिच्यावर माती दाबून आपला साचा करी आणि स्वतःच्या गावच्या मातीत तिच्या नकला काढी. माती सुकताना आणि भाजताना आकसते. त्यामुळे नकलेची नकल मूळ मूर्तीपेक्षा साधारण दहाव्या हिश्श्याने लहान होते, आणि तिच्यातले बारकावेही बोथट होत जातात. पुराणवस्तुशास्त्रज्ञांना ही गोष्ट फार उपकारक ठरली. एकाच प्रकारच्या अनेक मूर्ती शेजारी ठेवून उंची मोजली आणि मातीचा रंग पाहिला, की आजी कोणती, आई कोणती आणि नात कोणती हे सांगता येते. अथेन्सची माती नारिंगी-तपकिरी, करिंथची फिकट; त्यामुळे मूर्ती मुळात कोठून निघाली आणि कोठकोठे पोहोचली, याचा माग काढता येतो.

एका थडग्यातील चौदा नट

न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने १९१३ साली चौदा मूर्तींचा एक संच विकत घेतला. अभ्यासकांमध्ये तो 'न्यू यॉर्क गट' या नावाने प्रसिद्ध आहे. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकाचा शेवट आणि चौथ्याचा आरंभ हा त्यांचा काळ. नटांच्या आज ज्ञात असलेल्या मूर्तींत या अगदी आरंभीच्या आहेत आणि घडणीच्या दृष्टीने सर्वांत सरस आहेत. सात-सात पात्रांचे हे दोन संच असावेत आणि प्रत्येक संच एकेका नाटकातील पात्रांचा असावा, असे अभ्यासकांना वाटते. त्यांत सिंहाचे कातडे पांघरलेला हेराक्लीस आहे. पुराणकथेतला हा महावीर सुखात्मिकेत मात्र खादाड म्हणून येतो. डोळे पुसणारा मनुष्य आहे. टोपली वाहणारा आहे. तोंडावर पदर ओढून घेणारी स्त्री आहे. आणि तान्हे मूल कवेत घेतलेली म्हातारी दाई आहे. अर्थात स्त्रीही पुरुषच आणि दाईही पुरुषच. ग्रीक रंगभूमीवर स्त्रियांना प्रवेश नव्हता.

या सर्व मूर्ती अथेन्सच्या परिसरातील एकाच थडग्यात सापडल्या, असे सांगितले जाते. 'सांगितले जाते' या दोन शब्दांत एक मोठी हानी दडलेली आहे. त्या काळी ग्रीसमध्ये थडगी उकरून वस्तू विकण्याचा चोरटा व्यापार जोरात होता. १८७० नंतर बिओशियातील टानाग्रा गावाजवळ मातीच्या सुंदर स्त्रीमूर्ती सापडू लागल्या, तेव्हा हजारो थडगी लुटली गेली. मागणी वाढताच बनावट मूर्तींचाही सुळसुळाट झाला. अशा व्यापारातून आलेल्या वस्तूचे सौंदर्य शाबूत राहते, पण तिची साक्ष निम्मी नाहीशी होते. न्यू यॉर्कच्या चौदा नटांना ज्याने आपल्याबरोबर नेले, तो कोण होता? म्हातारा की लहान मूल? पुरुष की स्त्री? स्वतः नट होता, की नाटकाचा नुसता शौकीन? हाडांची, शेजारच्या भांड्यांची, पुरण्याच्या रीतीची नोंद असती तर याचे काही उत्तर मिळाले असते. आता ते कधीच मिळणार नाही.

हसू समुद्रापार गेले

न्यू यॉर्क गटातील मूर्तींच्या नकला मात्र योग्य नोंदी ठेवून केलेल्या उत्खननांतही सापडल्या आहेत. उत्तर ग्रीसमधील ऑलिंथस नगर मॅसिडोनियाचा राजा दुसरा फिलिप याने ख्रिस्तपूर्व ३४८ मध्ये उद्ध्वस्त केले. १९२८ ते १९३८ या काळात डेव्हिड रॉबिन्सन यांच्या नेतृत्वाखाली तेथे उत्खनन झाले, तेव्हा घराघरांच्या अवशेषांत सुखात्मिकेतील नटांच्या मूर्ती मिळाल्या. नगराच्या विध्वंसाचे वर्ष निश्चित असल्याने या मूर्ती त्याआधीच्या, हे ओघानेच आले. पश्चिमेस स्पेनच्या किनाऱ्यापासून ईशान्येस काळ्या समुद्राच्या उत्तर तीरापर्यंत या प्रकारच्या मूर्ती पसरल्या होत्या.

यातून एक मोठा प्रश्न सुटायला मदत झाली. जुन्या विद्वानांचा समज असा होता की अथेन्सची सुखात्मिका अथेन्सबाहेर कोणाला कळणे शक्य नाही. तिच्यातले टोमणे स्थानिक, तिची माणसे स्थानिक. दक्षिण इटलीतील भांड्यांवर जी विनोदी नाट्यदृश्ये रंगवलेली आहेत, ती तेथल्याच गावठी प्रहसनांची, असे मानले जाई. ब्रिटिश अभ्यासक टी. बी. एल. वेब्स्टर यांनी मूर्ती, भांडी व मुखवटे यांची पद्धतशीर सूची केली आणि या समजाला आव्हान दिले. अथेन्सच्या मूर्तींवरचे पोशाख व मुखवटे आणि इटलीच्या भांड्यांवरचे पोशाख व मुखवटे एकच आहेत, हे त्यांनी दाखवले. पुढे जर्मनीतील वुर्झबर्ग येथील एका भांड्यावरून खात्रीच पटली. दक्षिण इटलीत ख्रिस्तपूर्व ३७० च्या आसपास रंगवलेल्या या भांड्यावर, तान्ह्या मुलासारखी पायमोजे घातलेली दारूची पखाल ओलीस धरून तिच्यावर तलवार उगारणारा एक मनुष्य आहे, आणि सांडणारे 'रक्त' झेलण्यासाठी वाडगा घेऊन धावणारी एक स्त्री आहे. हा प्रसंग अ‍ॅरिस्टोफेनीसच्या ख्रिस्तपूर्व ४११ मधील नाटकातला आहे, हे दोन अभ्यासकांनी १९८० नंतरच्या दशकात स्वतंत्रपणे ओळखले. नाटक लिहून चाळीस वर्षे झाली होती, कवी मरण पावला होता, अथेन्सचे साम्राज्य लयाला गेले होते. आणि समुद्रापलीकडे त्याच विनोदाला लोक हसत होते.

लिपारीचे मुखवटे

लुटलेल्या थडग्यांच्या उलट उदाहरण म्हणजे सिसिलीच्या उत्तरेस असलेले लिपारी हे बेट. तेथे लुइजी बेर्नाबो ब्रेआ आणि मादलेन काव्हालिए या दोन पुराणवस्तुशास्त्रज्ञांनी १९४० नंतरची कित्येक दशके उत्खनन केले आणि प्रत्येक थडग्याची नोंद ठेवली. रोमनांनी हे नगर ख्रिस्तपूर्व २५२-५१ च्या सुमारास जिंकून उद्ध्वस्त केले. त्यामुळे ग्रीक थडग्यांची शेवटची मर्यादा तेथेही निश्चित आहे. नाट्यविषयक मातीच्या वस्तू तेथे हजाराहून अधिक मिळाल्या. मूर्ती आहेत, आणि तळहातावर मावतील असे मुखवटे आहेत. काही मुखवटे शोकात्मिकेचे आहेत. बेर्नाबो ब्रेआ यांनी त्यांचा संबंध सोफोक्लीस व युरिपिडीस यांच्या नाटकांशी लावला. नंतरचे मुखवटे मेनँडरच्या काळातील 'नव्या सुखात्मिके'चे आहेत.

दुसऱ्या शतकातील पॉलक्स या कोशकाराने नव्या सुखात्मिकेतील मुखवट्यांची यादी दिली आहे. त्यात वृद्धांचे नऊ, तरुणांचे अकरा, दासांचे सात, वृद्ध स्त्रियांचे तीन आणि तरुण स्त्रियांचे चौदा असे एकूण चव्वेचाळीस मुखवटे आहेत. केसांची ठेवण, भिवयांची कमान, वर्ण, दाढी, सुरकुत्या या खुणांवरून प्रेक्षकाला पात्र प्रवेश करताच ओळखता येत असे. मुख्य दासाचे केस तांबडे आणि भिवया चढवलेल्या. शिवाय दासांमध्येच आचाऱ्यांचे दोन प्रकार, एक गावचा आणि एक परदेशी. ही यादी शतकानुशतके नुसती कोरडी शब्दांची रांग होती. लिपारीच्या मातीने तिला चेहरे दिले. कोणता मुखवटा यादीतील कितवा, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत आणि राहतील. परंतु यादीतील वर्णन आणि हातातील वस्तू समोरासमोर ठेवण्याची सोय लिपारीमुळे झाली.

वेदीवरून खाली उतरताना

आता पुन्हा आपल्या वेदीवरच्या दासाकडे वळू. तो लोकांना इतका का आवडला? मुखवट्यांच्या यादीत दासांना सात जागा आहेत. मूर्तींमध्ये मात्र दास व नोकरचाकर यांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी मोठी आहे. राजे, सेनापती, पुढारी यांच्या मूर्ती विकत घेण्यापेक्षा लोकांनी दास, दाई आणि आचारी घरी नेले.

या दासाच्या पाठीमागे एक खराखुरा दास उभा आहे. पेलोपोनीशियन युद्धात ख्रिस्तपूर्व ४१३ पासून स्पार्टाच्या सैन्याने अथेन्सच्या सीमेवरील डेकेलिया येथे कायमचा तळ ठोकला, तेव्हा वीस हजारांहून अधिक दास अथेन्समधून पळून गेले आणि त्यांतील बहुसंख्य कारागीर होते, अशी नोंद इतिहासकार थ्युसिडिडीसने केली आहे. घरात आणि रंगमंचावर लोकांना हसवणारा दास प्रत्यक्षात संधी मिळताच पळत होता. ख्रिस्तपूर्व ४०६ मध्ये अथेन्सवर असा बाका प्रसंग आला की आर्गिनूसाईच्या आरमारी लढाईत वल्ही मारणाऱ्या दासांना स्वातंत्र्य द्यावे लागले. दुसऱ्याच वर्षी अ‍ॅरिस्टोफेनीसचे 'बेडूक' हे नाटक रंगमंचावर आले. त्यात डायोनिसस देव हेराक्लीसचे कातडे पांघरून आपला दास झँथियास याच्यासह पाताळात जातो. झँथियास त्या लढाईत नव्हता, म्हणून नावाडी त्याला नावेत घेत नाही; त्याला तळ्याला वळसा घालून पायी जावे लागते. पुढे संकट येताच देव आपले सोंग दासाच्या अंगावर टाकतो आणि संकट टळताच परत घेतो. अखेर दोघांतला देव कोण हे ठरवण्यासाठी दोघांनाही फटके मारण्यात येतात. फटक्यांनी काही ठरत नाही. चाबूक पाठीवर पडल्यावर देव आणि दास दोघेही सारखेच कळवळतात. विनोदाच्या आड केवढी मोठी गोष्ट रंगमंचावर सांगितली गेली!

अथेन्सच्या न्यायालयात दासाची साक्ष छळ करून घेतलेली असेल तरच ग्राह्य धरीत. छळाला कंटाळलेल्या दासाला थिसियसच्या देवस्थानात आश्रय घेऊन आपल्याला दुसऱ्या धन्याला विकावे अशी विनंती करता येई. विनंती सुटकेची नव्हती, धनी बदलण्याची होती. तरी त्या नगरीत त्याला असलेला तेवढाच आधार होता. म्हणून वेदीवर बसलेला दास ही नाटककाराची निव्वळ कल्पना नव्हे. मेनँडरच्या 'पेरिंथिया' या नाटकाचा एक तुकडा इजिप्तमधील पपायरसावर मिळाला आहे. त्यात दाओस नावाचा दास वेदीवर बसला आहे आणि म्हातारा धनी वेदीभोवती लाकडे रचून आग लावण्याची आज्ञा देत आहे. देवाच्या आश्रयाला हात न लावता आश्रिताला खाली उतरवण्याची ही युक्ती! रोमन नाटककार प्लॉटस याने ग्रीक नाटकावरून रचलेल्या 'मोस्टेलारिया'त त्रानियो नावाचा दास असाच वेदीवर चढून बसतो आणि तेथून धन्याशी हुज्जत घालतो. शेवटी एका तरुणाच्या रदबदलीने त्याला क्षमा मिळते. सुखात्मिकेत शेवटी क्षमा मिळतेच. नाटकाबाहेर ती मिळतच असे असे नाही.

दाईच्या हातातील मुलाविषयीही असेच म्हणता येईल. नकोशी झालेली तान्ही मुले उघड्यावर टाकून देण्याची प्रथा ग्रीसमध्ये होती. मेनँडरच्या एका प्रसिद्ध नाटकात असे टाकून दिलेले मूल सापडते आणि त्याच्या अंगावरच्या दागिन्यांसाठी दोन दास भांडतात. तेथे खुणा पटतात, आईबाप सापडतात, मूल घरी परतते. नाटकात तान्ह्या मुलाला घर मिळते, यावर प्रेक्षक प्रसन्न होत. ज्यांनी स्वतः मूल टाकले होते, असेही कोणी त्या प्रेक्षकांत बसलेले असतील.

मग हे हसू क्रूर होते की दयाळू? एकाच शब्दात उत्तर देणे उचित होणार नाही. दासाच्या फटक्यांना हसणारा प्रेक्षक दासाचा धनी होता, हे नाकारता येत नाही. परंतु नाटकातला तो दास धन्यापेक्षा हुशार असे, सगळे कारस्थान त्याच्याच डोक्यातून निघे, आणि धन्याच्या मुलाचा संसार तोच उभा करून देई, हेही तितकेच खरे. कायद्याने ज्याला वस्तू मानले, त्याला नाटकाने बुद्धी दिली, जीभ दिली आणि भीतीही दिली. ज्याला भीती वाटते तो माणूस असतो. प्रेक्षकांना हे उमगले असेल वा नसेल. मूर्ती घडवणाऱ्याला मात्र ते दिसले असावे. गालावर हात ठेवून बसलेल्या त्या दासाच्या देहबोलीत कर्णतोंड्या मुखवट्याला न शोभणारी एक काळजी आहे.

थडग्यात आणि पत्रात

अशा मूर्ती थडग्यात का ठेवल्या जात, याचे निश्चित उत्तर कोणा ग्रीक लेखकाने दिलेले नाही. डायोनिसस हा रंगभूमीचा देव. त्याच्या गूढ विधींत मृत्यूनंतरच्या सुखाचे आश्वासनही होते. त्यामुळे नाटकाची खूण मृताच्या सोबतीला देण्यात श्रद्धेचा भाग असू शकेल. मृताच्या आवडीची वस्तू त्याच्याजवळ ठेवावी, एवढीच साधी माया त्यामागे असणेही शक्य आहे. मूर्ती मंदिरांत नवसाच्या म्हणूनही वाहिलेल्या आढळतात, आणि ऑलिंथसप्रमाणे घरांतही. एकाच वस्तूला जगण्यात, पूजेत आणि मरणात जागा होती.

या रंगभूमीचा एक धागा नव्या करारापर्यंत येऊन पोहोचला आहे. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात कुसंगतीविषयी एक वचन आहे. ते मेनँडरच्या 'थाइस' या लुप्त नाटकातील असल्याचे परंपरेने मानले जाते. पुनरुत्थानाचे विवेचन करताना प्रेषिताने सुखात्मिकेतील ओळ वापरावी, याचे अनेकांना नवल वाटते. ती ओळ तोवर म्हणीसारखी लोकांच्या तोंडी बसली होती आणि पौलाला आपल्या वाचकांची भाषा ठाऊक होती. 'थाइस' हे नाटक गेले. जगभरच्या मंदिरांत वाचल्या जाणाऱ्या पत्रात त्यातली एक ओळ राहिली. मोठ्यांनी जपायचे ठरवलेले बरेच काही नाहीसे झाले आणि कोणी मुद्दाम न जपलेले काही अशा आडवाटांनी आपल्यापर्यंत आले.

मातीच्या मूर्तींच्या पाठीमागची बाजू संग्रहालयात सहसा दिसत नाही. अभ्यासक मूर्ती हातात घेऊन उलटी करतात, तेव्हा खडबडीत पाठीवर किंवा आतल्या पोकळीत कधी कधी बोटांचे ठसे आढळतात. साच्यात माती दाबणाऱ्याचे ते ठसे. अथेन्सच्या कुंभारवाड्यांत स्वतंत्र नागरिकांबरोबर दासही काम करीत. वेदीवर बसलेल्या दासाच्या पाठीवर बोट दाबणारा माणूस स्वतः दास असणे अगदी शक्य आहे. त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. आयसोक्रेटीसने तर त्याच्या धंद्याचे नाव केवळ तुच्छतेची उपमा म्हणून घेतले. दोन हजार तीनशे वर्षांनंतर त्याच्या अंगठ्याच्या रेषा अजून मोजता येतात.